शंखखेकडे आणि आप्पांचं नाक

आमच्या घरात समुद्र आला तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "ह्येला झाकन हाय का न्हाय?" समुद्र म्हणजे दुधाचे दोन कॅन भरून खारं पाणी, एक काचेची टाकी आणि बारा शंखखेकडे. हा खेकडा मोठा लबाड. स्वतःचं घर बांधत नाही. मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख सापडला की त्यात मागून शिरतो आणि तेच घर पाठीवर घेऊन हिंडतो. आमच्या सरांनी ते रत्नागिरीहून यष्टीत पायाशी धरून आणले होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळा बंद, शिपाई गावी, म्हणून माझ्या गळ्यात घातले. एम.एस्सी.चा प्रबंध माझा, तेव्हा प्राणीही माझेच. पाण्यातल्या जिवाला आपलं खाणं कुठं आहे हे कळतं कसं, असा माझा विषय होता. आईला तो सांगितला तर ती म्हणाली, "त्यात काय शिकायचंय? भूक लागली की कळतंय." मग तिने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि तिला एकदम आठवलं. "अगं बया, समुद्राचं पानी! ह्यात कुनाकुनाच्या अस्थी आसतील!" देव होते त्या आतल्या खोलीत टाकी ठेवायची नाही असं तिथल्या तिथं ठरलं, आणि ती बाहेरच्या खोलीत आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खाटेच्या उशाशी गेली.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या दोनच खोल्या होत्या. भिंतीपलीकडे माग चालायचे, पहाटेपासून खटक-खटक, खटक-खटक. आवाज थांबला की आम्ही दचकून विचारायचो, लाइट गेली का काय? आम्ही मूळचे मोहोळकडचे. आप्पा लग्नाआधीच शेती भावांवर टाकून सोलापुरात आले आणि चादरीच्या एका कारखान्याच्या रंगखात्यात चिकटले. शहरात येऊन पंचवीस वर्षं झाली तरी आई भाकरी चुलीवरच थापायची. स्टोव्हवरच्या भाकरीला रॉकेलचा वास येतो, हे आप्पांचं म्हणणं. आम्हाला कुणाला तो वास कधी आला नाही. पण आप्पांचं नाक म्हणजे नाकच होतं. गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरले की म्हणायचे, "कोपऱ्यावरच्या घरी आज बेसन करपलंय." घरात पाय ठेवायच्या आधी त्यांना कळायचं, शेंगाची चटणी आज कुटली की कालची आहे. आई लटक्या रागाने म्हणायची, "मानूस हाय का मांजर!" आणि त्यांना वाढताना पदराआड हसायची. तिच्या स्वयंपाकाचं कौतुक करणारं दुसरं होतं कोण? मी तर पुस्तकात डोकं घालून, काय खातेय तेही न बघता गिळणारी.

ह्या नाकावर कारखान्यातली माणसं जिवंत होती. अगदी सरळ अर्थाने सांगते आहे. रंगखात्याच्या मागे जमिनीत एक खोल हौद होता. सगळ्या रंगांचं सांडपाणी त्यात जायचं, गाळ बसायचा, आणि दर आठवड्याच्या सुट्टीला दोघातिघांना खाली उतरून तो उपसावा लागायचा. गंधकाच्या काळ्या रंगाचं पाणी आणि कुठून तरी आलेलं ॲसिडचं पाणी तिथं एकत्र झालं की विषारी वायू सुटतो. त्याला सडक्या अंड्याचा वास असतो, पण रंगखात्यात बारा महिने तेरा काळ असले वास भरलेलेच. बाकीच्यांची नाकं त्याला सरावलेली, मेलेली. त्यातून नेमका हा वास वेगळा काढायचा तो एकट्या आप्पांनी. म्हणून तिथला रिवाज असा होता, की आधी आप्पांनी हौदाच्या तोंडाशी गुडघ्यावर बसून वाकायचं. ते "उतरा" म्हणाले की माणसं उतरायची आणि "थांबा" म्हणाले की साहेब आला तरी कुणी हलायचं नाही. आप्पा सांगायचे, "वास येतोय तवर मानूस वाचतंय. वास आला आन् मधीच गप झाला, तर पळायचं. तवा वास गेलेला नसतोय, आपलं नाक मेलेलं असतंय." हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पुढे मी ते पुस्तकात वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

हौदात उतरणाऱ्यांत पहिला असायचा तो मल्लेश. तेलुगू विणकराच्या घरातला, आप्पांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आमच्याच मागच्या बोळात राहायचा. आप्पांना अण्णा म्हणायचा, मला "कालेजवाली". खेकडे आल्याचं कळल्यावर बायकोला, नरसक्काला घेऊन बघायला आला आणि टाकीसमोर मांडी ठोकून बसला. "कालेजवाली, हे शिजवायचं कधी?" मी म्हटलं, "मामा, हे अभ्यासाचे आहेत." तर म्हणाला, "अभ्यास झाल्यावर?" नरसक्काने त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

आता ते खेकडे खायचे कसे ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. खेकड्याला दोन लांब मिशा असतात, त्या आपल्या चाचपडायला. त्यांच्या मध्ये आणखी दोन बारक्या मिशा असतात, टोकाला बारीक केसांच्या, आणि त्या सारख्या पाण्यात झटके देत असतात, टक, टक, टक. ते त्याचं हुंगणं. मी वाटीभर पाण्यात सुकट भिजवायची, ते पाणी गाळून घ्यायची आणि काचेच्या नळीने टाकीच्या एका कोपऱ्यात थेंब सोडायची. थोडा वेळ काहीच नाही. मग सगळ्यात जवळच्या खेकड्याच्या बारक्या मिशा जोरात झटकू लागायच्या, तो जागच्या जागी फिरायचा आणि शंख ओढत ओढत थेट त्या कोपऱ्याकडे निघायचा. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. तिथं खायला काही नसायचं, नुसता वास. तरी ते वाळू तोंडात भरत बसायचे. आईने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. "ह्येंला कळलं बग! अगं, न बघता कळलं!" नंतर ती स्वतःच दुपारची टाकीजवळ बसायला लागली. उन्हाने पाणी तापू नये म्हणून टाकीला ओलं पोतं गुंडाळायची. लाइट गेली आणि हवेचा पंप बंद पडला की वाटीने पाणी उचलून उंचावरून परत टाकीत ओतत राहायची, म्हणजे त्यात हवा मिसळेल. हे मीच तिला शिकवलं होतं. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात ती खेकड्यांच्या समुद्राला वारा घालत बसायची आणि वर कुरकुरायची, "मानसाला प्यायला न्हाय आन् ह्येंचे लाड बगा."

दुसऱ्या आठवड्यात मला बारापैकी सहा खेकड्यांच्या बारक्या मिशा कापायच्या होत्या. प्रयोगच तसा होता. बर्फवाल्याकडून बर्फ आणून मी खारं पाणी गार केलं, त्यात ते सुस्त झाले आणि मग बारीक कात्रीने कच्, कच्. कापलेल्यांच्या शंखावर मी आईच्या टिकल्यांतली एकेक टिकली चिकटवली. वाटलं, त्यांची भूकच मेली असेल. तसं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. ते भुकेने टाकीभर फिरायचे. सुकटीचा तुकडा दोन बोटांवर पडलेला असायचा आणि टिकलीवाला त्याच्या शेजारून निघून जायचा. चुकून पाय त्याला लागला तर झडप घालून खायचा, कारण पायालाही थोडी चव कळते. पण पाय लागेपर्यंत अन्न समोर असून नसल्यासारखं. आप्पा खाटेवरून वाकून हे बघत होते. "जवळच हाय की गं त्येच्या. ह्येला कळंना व्हय?" मी म्हटलं, "कळायचं साधनच कापलंय, आप्पा." त्यावर ते "हं" म्हणाले आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडले. मी वहीत वेळ लिहीत होते. त्यांच्याकडे मी बघितलंही नाही.

त्या साली थंडीत आप्पांना मोठा ताप आला होता. ताप गेला, पण माणूस भरून येईना. जेवायला बसायचे, ताटाकडे बघत राहायचे, चार घास पाण्याबरोबर ढकलायचे आणि उठायचे. पोट खपाटीला गेलं, सदऱ्याच्या बाह्या लोंबायला लागल्या. आईने आधी दृष्ट काढली, मग देवीला नवस बोलली, आणि मग तिच्या मनाने घेतलं की आपल्या हातचं ह्यांना नकोसं झालंय. ती काही विचारायची नाही. रोज काहीतरी नवं करायची. एक दिवस धपाटे, एक दिवस मटणाचा काळा रस्सा, ज्याच्यासाठी आप्पा पूर्वी सकाळपासून उपाशी राहायचे. रस्सा तसाच राहिलेला बघून ती मोरीत भांडी घासता घासता रडली. मला म्हणाली, "शालन, मानूस रुसलं तर समजूत काडावी. ह्यो मानूस रुसला बी न्हाय आन् जेवत बी न्हाय. मी काय करू?" मी तरी काय सांगणार! शिकलेली पोर म्हणून मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्या.

मग एका दुपारी मी लायब्ररीतून आले तर आई दारात नाकाला पदर लावून उभी. "तुजं काय तरी मेलंय बग आत. मला मळमळाय लागलंय." मी उंबऱ्यातच थांबले. असा दर्प, की डोळ्यांत पाणी यावं. रात्रीत एक खेकडा शंखाच्या आत मेला होता आणि त्या उन्हात पाणी नासलं होतं. टाकीकडे बघितलं आणि मी चकित झाले. बिनटिकलीचे जे जिवंत होते ते सगळे त्या मेलेल्याच्या शंखाभोवती गोळा झाले होते, एकमेकांच्या अंगावर चढत. आपल्यातला कुणी मेल्याचा वास आला की हे धावत येतात, कारण एक घर रिकामं झालेलं असतं. आणि टिकलीवाले सहाच्या सहा इकडे तिकडे निवांत, जसं काही झालंच नाही. मी मनात म्हणत होते, वा, वा, वही कुठाय. आणि तेवढ्यात माझी नजर वर गेली. टाकीला टेकून, त्या वासापासून हातभर अंतरावर, आप्पा बशीतून चहा पीत होते. निवांत. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "काय झालं गं?"

त्यांना कळलं की मला कळलं. बशी खाली ठेवून त्यांनी माझं मनगट धरलं. आई बाहेर शेजारणीशी बोलत होती. आप्पा हळू आवाजात म्हणाले, "तापापासून. काय सुदिक येत न्हाय. कांदा न्हाय, विडी न्हाय, तुज्या आईची भाकरी न्हाय. तोंडात माती घातल्यागत लागतंय समदं." मी म्हटलं, "आणि हौद?" ते म्हणाले, "बगतो की डोळ्यानं. बुडबुडं बगतो, पान्याचा रंग बगतो. पंचवीस वरसं झाली." मी म्हटलं, "आप्पा, सांगून टाका साहेबाला." "सांगितलं तर गेटावर बशिवत्यात न्हाय तर घरी. मंग तुजं शिक्षान?" आणि माझा हात ओढून त्यांनी स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माज्या गळ्याची शपत हाय तुला. कुनाला बोलायचं न्हाय. आईला सुदिक."

तुम्ही हसाल. एम.एस्सी. करणारी मुलगी, खेकड्याच्या मिशा कापून हिशेबाने मांडणारी, आणि गळ्याच्या शपथेला घाबरते! पण आमच्याकडे शपथ मोडली तर ज्याच्या गळ्याची ती घेतली त्याच्यावर जातं, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते. मोहोळच्या एका लांबच्या चुलत्याने आईच्या गळ्याची मोडली आणि वर्षाच्या आत त्याची आई गेली, हे आमच्या घरात पंचांग सांगावं तसं सांगायचे. आप्पा आधीच वाळून काटकी झालेले. माझ्या तोंडून शब्द गेला आणि ह्यांना काही झालं तर? मी शपथ मानली. त्याला श्रद्धा म्हणा, अडाणीपणा म्हणा. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा स्वार्थही होता, माझ्या शिक्षणाचा.

त्यानंतरचा महिना मला आठवतो तो सुखाचा म्हणून, आणि ह्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी आप्पांच्या शेजारी जेवायला बसू लागले आणि हळूच, आईला ऐकू जाणार नाही असं, एकेक पदार्थ त्यांना सांगू लागले. "आप्पा, मेथीत आज लसूण जास्त आहे. खमंग झालीय." "आमटीला हिंगाचा वास येतोय, आणि गूळ जरा पुढे गेलाय." ते डोळे मिटून ऐकायचे, घास चावायचे, आणि मग मोठ्याने म्हणायचे, "लसूण झक्कास पडलाय गं आज!" आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "कळलं का आता? आलं का जाग्यावर नाक?" ते जेवू लागले. अंगावर थोडं मांस आलं. आई गाणं गुणगुणत पीठ मळायची. मला वाटायचं, मी बापाला वाचवलं. हौदाचा दिवस मात्र दर आठवड्याला यायचा. त्या दिवशी ते परत येईपर्यंत मी वहीत एक आकडा धड लिहीत नसे. एकदा बोळात मल्लेश भेटला, सुट्टीच्या आदल्या दिवशी. मी त्याला थांबवलं. "मामा, उद्या हौदात..." तो थांबला, माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "सांभाळून उतरा." तो म्हणाला, "अण्णा हाय की!" आणि सायकलवर टांग मारून गेला. तोंडापर्यंत आलेला शब्द मी गिळला. तो अजून तिथंच आहे, घशात.

अगदी अलीकडे ती महामारी आली तेव्हा घराघरातून लोक फोनवर एकमेकांना सांगत होते, मला वास येत नाहीये, तुला येतोय का, कॉफी हुंगून बघ. पोरंसोरं त्याच्यावर विनोद करत होती. माझ्या सुनेने मला अगदी सहज येऊन सांगितलं, "आई, माझा वास गेला." मी खुर्चीवर बसून ढसाढसा रडले. तिला वाटलं, मी आजाराला घाबरले. इतकं सोपं होतं का सांगणं, असं मला वाटत होतं.

ते झालं त्या महिन्याच्या शेवटी, हौदाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला. उन्हाने टाकीतलं पाणी आटलं होतं, तेवढं मी खूण बघून गोडं पाणी घालत होते. भिंतीपलीकडचे माग एकेक करून थांबले. लाइट गेली म्हणून मी पंपाकडे बघितलं, तर पंप चालू होता. मग बायका पळत गेल्याचा आवाज आला आणि मागच्या बोळातून नरसक्काची किंकाळी. दुपारी आप्पांना दोघांनी रिक्षातून आणलं. कमरेपर्यंत काळे, भिजलेले, पायांत चप्पल नाही. ते स्वतः मल्लेशला काढायला उतरले होते, लोकांनी त्यांना दोरीने ओढून वर घेतलं. मल्लेशला वर घेतलं तेव्हा तो गेलेला होता. आई त्यांच्या अंगावर पाणी ओतत होती आणि म्हणत होती, "देवा, माजा वाचला, माजा वाचला." आप्पा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मी म्हनलो, उतर." नंतर त्याबद्दल मरेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

चौकशी झाली. साहेब आले, कागद झाले. आप्पांना विचारलं, तुम्ही वास घेतला होता का? ते म्हणाले, "घेतला." वास आला होता का? "न्हाय आला." खोटं एक अक्षर नव्हतं. आणि त्यांना वास आला नाही म्हणजे वास नव्हताच, हे सगळ्यांनी धरून चाललं. लोक आप्पांनाच धीर द्यायला येत. "तुमच्या नाकाला जो कळला नाही तो कुणाला कळणार? मल्लेशची घटका भरली होती." मी चहाचे कप फिरवत होते. प्रत्येक माणसासमोर ट्रे धरताना वाटायचं, ह्याला सांगू. मग आप्पांच्या गळ्याकडे नजर जायची. गळ्याचं हाड वर-खाली होताना दिसायचं आणि मी पुढच्या माणसाकडे वळायची. त्याच आठवड्यात आप्पांनी आपण होऊन गेटवरचं काम मागून घेतलं. लोक म्हणाले, दुःखाने खचला बिचारा. मी रात्री जेवताना नेहमीसारखी त्यांच्या कानाशी गेले, "आप्पा, आज चटणीत..." त्यांनी माझा हात बाजूला केला. "नगं सांगू आता." पुढे बरीच वर्षं ते जगले आणि रोज ताटात पडेल ते मुकाट्याने खाऊन उठले.

टिकलीवाल्या खेकड्यांनी महिन्याभराने कात टाकली. जुनं कवच पोकळ होऊन वाळूवर पडलं, आणि आतून आलेल्या मऊ खेकड्याला दोन नव्या, दोऱ्याएवढ्या बारीक, पांढऱ्या मिशा होत्या. कापलेल्या जागी. मी सुकटीच्या पाण्याचा थेंब सोडला आणि त्या टकटक हलल्या. प्रबंधाला पहिला वर्ग मिळाला. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ते प्रकरण मी पुढे कॉलेजात कितीतरी मुलांना शिकवलं, फळ्यावर मिशांची आकृती काढून. एकाही वर्गात मी ते शिकवताना फळ्याकडून मुलांकडे लगेच वळू शकले नाही. आणि घरात अंडं नासलेलं निघालं तर आजही मी ते फेकत नाही, आधी नाकाशी धरते. येतोय वास. मग बराच वेळ तशीच उभी राहते. घरातले आता त्याच्यावर हसणं सोडून ते म्हातारपणाचं लक्षण समजायला लागलेत.

शपथेची मुदत आप्पांबरोबरच संपली होती. त्यांना जाऊन तर किती वर्षं झाली. तरी नरसक्काच्या दाराशी जायला मला सत्तरी गाठावी लागली. नवरा गेल्यावर तिने विड्या वळून तीन पोरं वाढवली. मी बोळातून जाताना ती उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली दिसायची, मला हाक मारायची आणि मी घाईत असल्याचं सोंग करायची. गेल्या साली तिच्या नातवाने सांगितलं, आजीला आता कमी दिसतं, तुमची आठवण काढते. गेले. खोलीत दोघीच होतो. ती तांदूळ निवडत होती, बोटांनीच खडे शोधत. मी तिच्यासमोर बसले आणि वाक्य घोकून आणलं होतं ते म्हटलं. "अक्का, आप्पांना वास येत नव्हता. मल्लेशमामा गेले त्याच्या महिनाभर आधी मला कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही."

तिची बोटं थांबली नाहीत. "मालूम हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. मी परत सांगितलं.

"मालूम हाय गं. यांना बी मालूम व्हतं." तिने एक खडा चिमटीत धरून बाजूला टाकला. "मी डब्यात अंबाडीची भाजी दिली व्हती. तुजा बाप दुरून वास घेऊन मागायचा, रोज. त्या दिवशी शेजारी बसून जेवला आन् बोललाच न्हाय. घरी येऊन हे मला म्हणले, अण्णाचं नाक गेलं. बोलून दाखवलं तर नोकरी जाईल, पोरगी शिकायलीय. आता अण्णा वाकायच्या आधी मीच वाकून बघतो, म्हणले. त्याला न सांगता."

"म्हणजे त्या दिवशी..."

"त्या दिवशी बी यांनीच आधी बघितलं. मागाहून तुजा बाप उतर म्हणला." तिने मूठभर तांदूळ पुढे ओढले. "मी सांगितलं व्हतं यांना. म्हणलं, तुमाला काय कळतंय त्या वासातलं? अण्णाचं नाक वेगळं, तुमचं वेगळं. सायबाला सांगा, न्हाय तर मी जाऊन सांगते. तर माजा हात घेतला आन् आपल्या गळ्यावर ठेवला."

भिंतीपलीकडे कुणाचा तरी माग चालू होता. मी तिचा हात धरला, तांदळासकट. माझ्या तोंडून निघालं, "मलाही आप्पांनी तसंच, अक्का. गळ्याची." इतकी वर्षं आम्ही मागच्या-पुढच्या बोळांत राहत होतो, एकाच नळावर पाणी भरत होतो. त्या महिन्यात आमच्यापैकी एकीने दुसरीला नुसतं विचारलं असतं, तरी दोघींना एकमेकींच्या तोंडावरून कळलं असतं. मी रडत होते. ती रडली नाही. तिने हात सोडवून घेतला, सूप पुढे ओढलं आणि तांदळावरून बोटं फिरवत राहिली.

"तू बापाची पाळलीस, मी नवऱ्याची पाळली," ती म्हणाली. "पाळायला नको व्हती गं, शालन."